औषध शोधणाऱ्यासाठी विणलेलं जाळं

लिअँडर केपर्सनं ते जाळं विणायला घेतलं तेव्हा ते कोणाच्या हातात जाणार हे त्याला ठाऊक नव्हतं. ज्या माणसानं आपल्या गोळ्या शोधून काढल्या त्याला ते द्यायचं, एवढंच मनाशी पक्कं होतं. तो माणूस राहतो कुठे, काळा की गोरा, त्याच्या घराजवळ पाणी तरी आहे की नाही, काही माहिती नव्हती. पण अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या सेंट हेलेना बेटावर रीतच तशी होती. कोणी तुमची बोट चिखलातून ओढून दिली, तर आठवड्याच्या आत त्याच्या पायरीवर खेकड्यांची बादली जाऊन पडायची. नाही पडली, तर त्याच्या घरावरून जाताना मान वर करायची सोय उरायची नाही. आणि लिअँडरची नुसती बोट नव्हे, तो स्वतःच चिखलातून बाहेर आला होता.

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. त्याचे वडील पाठदुखीनं गेले, थोरले काका पाठदुखीनं गेले, असंच घरात सगळे म्हणत आले होते. त्या पाठदुखीचं खरं नाव लिअँडरला डॉक्टरच्या तोंडून पहिल्यांदा कळलं. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, चार वर्षं बरी गेली आणि मग आजार हाडांत उतरला. तीस वर्षं कोळंबीची बोट चालवलेला माणूस खुर्चीतून उठताना बायकोचा खांदा धरू लागला. बोट विकून टाकली. जाळं विणायची सुईसुद्धा फळीवर गेली, कारण मांडीवर जाळ्याचं ओझं सोसवेना.

त्यानंतर त्या गोळ्या आल्या. रोज सकाळी उपाशीपोटी चार, आणि पुढे तासभर तोंडात काही घालायचं नाही. पहिल्या महिन्यात काही फरक पडला नाही. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी त्याची बायको व्हर्नेल शेगडीपाशी मक्याच्या कण्या ढवळत उभी होती, आणि लिअँडर कोंबड्यांना दाणे टाकून मागच्या दारानं आत आला. तिनं वळून पाहिलं.

"काठी कुठाय तुझी?"

लिअँडरनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. काठी पलंगाशीच राहिली होती.

व्हर्नेलनं पातेलं खाली उतरवलं, एप्रनला हात पुसले आणि तिथेच खुर्चीवर बसून मनसोक्त रडून घेतलं. मग उठली आणि म्हणाली, "तुझ्या तासाला अजून वीस मिनिटं आहेत. गप बस. खायला मिळायचं नाही."

त्याच आठवड्यात लिअँडरनं फळीवरची सुई खाली काढली.

जवळच्या ब्यूफर्ट गावातल्या दवाखान्यात मिस ॲडेअर नावाची नर्स होती. दर महिन्याला त्याचं रक्त तीच काढायची. लिअँडरनं तिला विचारलं, "मिस ॲडेअर, ह्या गोळ्या कोणी शोधल्या? मला त्याचा पत्ता पाहिजे."

"डबीवर कंपनीचं नाव आहे की."

"कंपनी काय खाडीत जाळं फेकायला जाणार आहे? माणूस सांगा."

मिस ॲडेअरला माणूस सांगता येईना. पण तिच्या डोक्यात हा प्रश्न राहिला असावा. पुढच्या महिन्यात तिनं त्याला बाजूला बसवून एक गोष्ट सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वी ह्याच आजारातून उठलेली काही म्हातारी माणसं राजधानीत जाऊन खासदारांची दारं वाजवत फिरली होती. बायकांनी स्तनाच्या कॅन्सरसाठी जसं भांडून पदरात पाडून घेतलं तसं आम्हालाही द्या, आमच्या आजारावर संशोधन करायला वेगळा निधी ठेवा, अशी त्यांची मागणी होती. त्यांना कित्येकदा बाहेर बाकावर बसवून ठेवलं, पण ती पुन्हा पुन्हा गेली. शेवटी लष्कराच्या अंदाजपत्रकात दरवर्षी तसा निधी ठेवायचं ठरलं. मग त्यांनी आणखी एक हट्ट धरला. पैसा कोणत्या संशोधनाला द्यायचा हे ठरवताना शास्त्रज्ञांच्या शेजारी एक रोगीही बसला पाहिजे, आणि त्याचं मत त्यांच्या मताइतकंच धरलं पाहिजे.

"आपल्या भागातून कोणाचं तरी नाव पाठवायचंय," मिस ॲडेअर म्हणाली. "मी तुमचं पाठवू? औषधं शोधणारे सगळे तिथेच भेटतात. तुमचा माणूसही भेटेल कदाचित."

"मी दहावीत शाळा सोडलीय."

"शास्त्र विचारणार नाहीत तुम्हाला. तुमच्यासारख्या माणसाच्या हे उपयोगी पडेल का, एवढंच विचारतील. त्या खोलीत त्याचं उत्तर तुमच्याइतकं कोणालाच ठाऊक नसेल."

लिअँडर हो म्हणाला ते संशोधनासाठी नव्हे, जाळं पोचवायला मिळेल म्हणून. हे त्यानं पुढे स्वतःच कबूल केलं.

बातमी सीफस बायसच्या दुकानात त्याच्याआधी पोचली. सीफस बेटावरचा न्हावी. दोघं एका वर्गात नव्हते, पण एकाच चर्चमध्ये, एकाच बाकावर, आयुष्यभर शेजारी बसत आले होते.

"या, डॉक्टर केपर्स," सीफस वस्तरा पुसत म्हणाला. "मंडळी, उठून उभे राहा. सरकारनं ह्याला बोलावलंय."

"तू आधी माझी मान सरळ भादर."

"मला एक सांग, तिथे त्या शहाण्या लोकांसमोर तू काय बोलणार? कोळंबीचा भाव?"

"तू कधी तपासून घेणार आहेस ते बोलेन," लिअँडर म्हणाला. "बासष्टचा झालास."

दुकानातली माणसं हसली. सीफसही हसला, पण त्यानं विषय झटकन दुसरीकडे नेला. त्याला ह्या बाबतीत कोणी काही विचारलं की तो नेहमी म्हणायचा, माझं सगळं व्यवस्थित चाललंय आणि जे चाललंय ते उघडून बघायचं नसतं.

निधी मागणाऱ्या शास्त्रज्ञांचे अर्ज खोक्यातून आले. सोबत एक कागद होता: ह्यातलं अक्षरही कोणाला दाखवायचं नाही, बोलायचं नाही, आज नाही आणि पुढेही कधी नाही. लिअँडरनं त्यावर सही केली आणि ती सही त्यानं बायबलवर हात ठेवल्यासारखी मानली. मागच्या खोलीत टेबल लावलं, दार आतून लोटून घेतलं आणि तीन आठवडे रोज सकाळी गोळ्या घेतल्यावर तो तिथे जाऊन बसू लागला. पहिल्या अर्जाचं पहिलं पान वाचायला त्याला दीड तास लागला.

व्हर्नेल सव्वीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात होती. घरात शब्दकोश तिचा. तो मागायला लिअँडरला दर थोड्या वेळानं बाहेर यावं लागे.

"कोहॉर्ट म्हणजे काय गं?"

"कशाला पाहिजे?"

"असंच."

"असंच कोणी कोहॉर्ट विचारतं? लिअँडर, एकेचाळीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. आजवर तू माझ्यापासून फक्त सिगारेटी लपवल्यास."

"सही केलीय मी."

"बरं. कोहॉर्ट म्हणजे माणसांचा एक गट. एकत्र धरून ज्यांच्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवतात तो." तिनं शब्दकोश त्याच्या हातात दिला. "घेऊन जा आत. आणि दार पूर्ण लाव, नाहीतर मला वाचायचा मोह होईल."

जे शब्द शब्दकोशातही सापडत नव्हते ते तो कागदावर लिहून मिस ॲडेअरला फोनवर विचारी, तेही मागचं पुढचं काही न सांगता. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस त्याच्या लक्षात आलं, की आपण पानं चाळत नाही, वाचतोय. प्रत्येक अर्जावर त्यानं स्वतःच्या हातानं आपलं मत लिहिलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला वाटे, एवढी माणसं आपल्या दुखण्यावर डोकं चालवत होती आणि आपण इथे बसून समजत होतो की आपलं कोणाला काही पडलेलं नाही.

बैठक राजधानीजवळच्या एका हॉटेलात दोन दिवस होती. लिअँडर चर्चचा सूट घालून गेला. हातात कपड्यांची बॅग आणि खांद्यावर कॅनव्हासच्या पिशवीत ते जाळं. गोल, हातानं फेकायचं, कोकणात ज्याला पाग म्हणतात तसं. कडेला शिशाची वजनं लावलेली, म्हणून पिशवी चांगली जड होती. विमानतळावर ती उघडून बघणाऱ्या बाईला त्यानं सांगितलं, की भेट आहे, एका डॉक्टरसाठी. कोणत्या, असं तिनं विचारलं नाही म्हणून बरं.

पहिल्या सकाळी तो नाश्त्याच्या खोलीत तासभर आधीच जाऊन बसला होता. गोळ्या घेतल्या होत्या, खायला अवकाश होता. शेजारच्या टेबलावर साठीच्या पुढची एक बाई कॉफी पीत होती. पांढरे आखूड केस, बोलण्यात कुठल्या तरी दूरच्या देशाचा हेल. तिनं त्याच्या गळ्यातली नावाची पट्टी वाचली.

"मिस्टर केपर्स, तुम्ही आमच्याच गटात आहात. मी हालिना व्रोना. तुम्ही काही खात नाही?"

"पंचवीस मिनिटं आहेत अजून," लिअँडर म्हणाला आणि खिशातून डबी काढून त्यानं तिच्यापुढे ठेवली. "तुम्ही ह्यातल्या दिसता. ही कोणी शोधली ते सांगू शकाल? मी त्याच्यासाठी काहीतरी आणलंय."

डॉक्टर व्रोनांनी डबी हातात घेतली, नाव वाचलं आणि परत ठेवली. त्या हसल्या नाहीत.

"पुरुषाच्या अंगातलं एक रसायन थांबवलं की हा कॅन्सर वाळतो, हे सत्तरेक वर्षांपूर्वी कळलं," त्या म्हणाल्या. "पण काही वर्षांनी तो पुन्हा वाढतो. कसा वाढतो हे कळायला पुढची चाळीस वर्षं गेली. कोणी एक दुवा शोधला, कोणी दुसरा. मग ते थांबवायचं कसं, ह्यावर किती प्रयोगशाळा बसल्या त्याची मोजदाद नाही. मीसुद्धा होते. माझ्या औषधाचं काम नऊ वर्षं चाललं."

"म्हणजे तुम्हीच?"

"नाही. माझं चाललं नाही. उंदरांत चाललं, माणसांत फुकट गेलं. नऊ वर्षं. पण मी ते सगळं छापलं, कुठे चुकलं ते लिहिलं, आणि बाकीच्यांनी ती वाट सोडली."

लिअँडरनं मान हलवली. हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. हंगामात सगळ्या बोटी आपापल्या दिशेला जातात आणि रेडिओवर एखादा म्हणतो, इकडे काही नाही रे, येऊ नका. त्या एका वाक्यानं दहा बोटींचं डिझेल वाचतं, आणि ते सांगणारा मात्र त्या दिवशी रिकामा घरी जातो.

"आणि आणखी काही माणसं आहेत," डॉक्टर व्रोना म्हणाल्या. "ही गोळी ज्यांनी पहिल्यांदा घेतली ती. किती द्यायची हेसुद्धा तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांना आधीच सांगितलं होतं, की तुम्हाला ह्याचा उपयोग होईल असं वाटत नाही, पण तुमच्यामुळे आम्हाला कळेल. तरी ती आली. आमच्या कागदांवर त्यांची नावं नसतात. आकडे असतात. रुग्ण तीन, रुग्ण सात."

"गेली ती?"

"बहुतेक सगळी."

पंचवीस मिनिटं होऊन गेली, वाढप्यानं येऊन दोनदा विचारलं, तरी लिअँडरला खायची आठवण झाली नाही. घरी कोंबड्यांना दाणे टाकत असताना, व्हर्नेलच्या हातच्या कण्या खात असताना आपल्या पाठीशी रुग्ण तीन आणि रुग्ण सात उभे होते, हे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "काळी माणसं होती का हो त्यांत?"

"असतील. फार नसतील," त्या म्हणाल्या. "तो आमचा दोष आहे. त्यासाठीच तुम्ही इथे हवे होतात."

बैठकीत डॉक्टर व्रोना टेबलाच्या टोकाला बसल्या तेव्हा लिअँडरला कळलं, की गटाच्या प्रमुख त्याच आहेत. पंधरा माणसं, पंधरा नावाच्या पाट्या. पहिले चार अर्ज झाले तोवर तो लिहून आणलेलं वाचून दाखवून गप्प बसला. पाचवा अर्ज एका नावाजलेल्या विद्यापीठाचा होता. आजार दक्षिणेकडच्या काळ्या पुरुषांना जास्त का होतो आणि जास्त का मारतो, त्याचा तपास. शास्त्रज्ञ एकामागून एक त्याचं कौतुक करत गेले. मग डॉक्टर व्रोना म्हणाल्या, "मिस्टर केपर्स?"

लिअँडरनं समोरचा कागद उलटा करून ठेवला.

"लिहिणारे हुशार आहेत," तो म्हणाला. "पण आमच्याकडच्या एकाही माणसाला त्यांनी विचारलेलं नाही. पाच वेळा शहरात यायचं. आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी आठला. माझ्या घरून ते दोन तास. म्हणजे सहाला निघायचं, गाडी असेल त्यानं, दिवसाची मजुरी बुडवून. आणि जाऊन काय, तर ज्या जागेचं नाव बायकोपुढे घ्यायची लाज वाटते तिथे सुई. पहिल्यांदा येतील. दुसऱ्यांदा कोण येईल? मी आलो नसतो."

"प्रवासखर्च धरलेला आहे त्यांनी," समोरचा एक जण म्हणाला.

"खर्च द्याल साहेब. कोळंबीचा हंगाम थांबवून धराल का?"

दोघंतिघं हसले. लिअँडर हसला नाही.

"आणखी एक आहे. आमची जुनी माणसं सांगतात, डॉक्टर येतात, रक्त नेतात, आणि परत येऊन काही सांगत नाहीत. ह्या अर्जाची शंभरावर पानं आहेत. त्या माणसाला त्याच्या रक्ताचं काय निघालं ते कोण सांगणार, हे मी तीनदा शोधलं. मला सापडलं नाही. माझ्या वाचण्यात चुकलं असेल तर दाखवा."

खोलीत पानं उलटायचा आवाज होत राहिला. मघाचाच माणूस शेवटी म्हणाला, "चुकलेलं नाही तुमचं. नाहीच आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी नववा अर्ज आला. जोवेटा ग्रीन नावाच्या एका तरुण डॉक्टरचा. तिचं म्हणणं असं, की किनाऱ्याकिनाऱ्यानं बेटांवर आणि गावांत न्हाव्यांच्या दुकानांतच जाऊन बसायचं. न्हाव्याला शिकवायचं, नर्स तिथेच रक्त काढेल, निकाल दोन आठवड्यांत फोनवर सांगायचा आणि वाईट निघाला तर डॉक्टर मिळेपर्यंत त्या माणसाचा हात सोडायचा नाही. अर्ज नवखा होता, तक्ते चुकलेले होते. एक जण म्हणाला, आकडेवारी फार कच्ची आहे, आणि ते खरंच होतं.

लिअँडर म्हणाला, "आकडे मला कळत नाहीत. ते तुम्ही सांगाल ते खरं. पण ही पोरगी चौदा दुकानांत जाऊन नुसती ऐकत बसलीय. शेवटी तिनं त्या माणसांचं बोलणं दिलंय, नावं न घेता. ते मी वाचलं आणि मला वाटलं, मी आमच्याच दुकानात बसलोय. आकडे तिला तुम्ही शिकवू शकाल. हे तिला कोण शिकवणार होतं?"

प्रत्येकानं आपले गुण गुपचूप नोंदवले. शेवटचा निर्णय वर दुसरी समिती करणार होती. काय झालं ते इथल्या कोणालाच कळणार नव्हतं.

काम संपलं, विमानतळाची गाडी यायला तासभर होता. लिअँडर पिशवी खांद्याला लावून डॉक्टर व्रोनांना शोधत गेला.

"एवढ्या माणसांना एकेक जाळं विणायला मला आयुष्य पुरायचं नाही," तो म्हणाला. "तुम्ही घ्या हे. नऊ वर्षं रिकाम्या हातानं घरी गेलात त्याबद्दल."

त्यांनी पिशवीत हात घालून जाळ्याचा दोरा बोटांत धरून पाहिला. एक गाठ, मग शेजारची गाठ. किती वेळ लागला, विचारलं. चार महिने, तो म्हणाला.

"मला घेता येत नाही, मिस्टर केपर्स. नियम आहे. गटातल्या कोणाकडून कॉफीसुद्धा नाही." त्यांनी दोरा पिशवीत सोडला. "पण फेकायचं कसं ते शिकून घ्यायला नियमाची हरकत नसावी."

हॉटेलमागे हिरवळीचा मोठा तुकडा होता. बेटावर लहान मुलांना गवतावरच शिकवतात. लिअँडरनं कोट काढला, दोरी मनगटात अडकवली, जाळं हातावर घड्या घालून घेतलं, कडेचं शिसं दातांत धरलं आणि अंगाला झोका देऊन सोडलं. जाळं हवेत पूर्ण उघडलं आणि अख्ख्या बैठकीच्या टेबलाएवढं वर्तुळ होऊन गवतावर पसरलं. खिडकीत आणि पायऱ्यांवर उभे असलेले शास्त्रज्ञ खाली उतरून आले.

"दातांत?" डॉक्टर व्रोनांनी विचारलं.

"दातांतच. खोटे असतील तर आधी सांगा."

पहिल्यांदा जाळं त्यांच्या पायांशीच गोळा होऊन पडलं. दुसऱ्यांदा काकडीसारखं लांबट पडलं. तिसऱ्यांदा अर्ध्याहून जास्त उघडलं, आणि ती साठीपुढची बाई ओठावरची माती पुसत त्याच्याकडे अशी बघायला लागली, की लिअँडरला वाटलं, आपण ज्याचा पत्ता विचारत होतो त्या घरी आपण पोचलो. मग आकडेवारीवाल्यानं फेकलं, आणखी कोणी फेकलं. गाडीचा माणूस येऊन हाक मारीपर्यंत ते चाललं होतं.

जाळं लिअँडरनं परत आणलं आणि स्वतःच वापरायला काढलं. पहिल्या दिवशी खाडीत बोय मासळी चांगली मिळाली. अर्धी बादली मिस ॲडेअरच्या दारात गेली.

पुढची दोन वर्षं गोळ्यांनी साथ दिली. लिअँडर आणखी एकदा बैठकीला जाऊन आला. ब्यूफर्टच्या रुग्णांच्या गटातर्फे तो खासदारांना पत्रं लिहू लागला, की निधी कमी करू नका. पत्राची भाषा व्हर्नेल सुधारून देई आणि तो तिच्या सुधारणांतल्या निम्म्या पुन्हा खोडी.

एका शनिवारी तो सीफसच्या खुर्चीत गळ्याला कापड बांधून बसला होता. दारातून एक तरुण काळी बाई आत आली. हातात फाईल. तिनं सगळ्यांना नमस्कार करून सीफसला म्हटलं, "मिस्टर बायस, मी डॉक्टर जोवेटा ग्रीन. मागच्या वर्षी आम्हाला एका कामासाठी निधी मिळाला. तुमच्या दुकानात दर सोमवारी एक नर्स बसू द्याल का, ते विचारायला आलेय."

लिअँडरनं ते नाव ओळखलं, आणि आपण केलेली सहीही त्याला आठवली.

सीफसनं तिला पुरतं बोलू दिलं. मग आरशातून लिअँडरकडे बघून विचारलं, "तू त्या लोकांत बसून आलायस. ही बाई खरी का?"

लिअँडरला तोंड उघडायची भीती वाटली. "मला काय विचारतोस," तो म्हणाला. "तिला विचार. रक्त कुठे नेणार, आणि काय निघालं ते कोण सांगणार."

"मी सांगेन," जोवेटा म्हणाली. "दोन आठवड्यांत. फोन करून, मी स्वतः."

"आणि वाईट निघालं तर?"

"तर तुम्हाला डॉक्टरकडे मी घेऊन जाईन. गाडी नसेल तर माझ्या गाडीतून."

सीफस वस्तऱ्याचं पातं अंगठ्यावर घासत राहिला. "बरं, घ्या," तो म्हणाला, "आधी ह्याचं घ्या. ह्याला सवय आहे."

"ह्यांना आधीच असेल तर ह्यांचं चालणार नाही," जोवेटा म्हणाली. "ज्यांनी कधीच तपासलं नाही असे हवेत."

दुकानातले सगळे सीफसकडे बघू लागले. खुर्चीतला लिअँडर म्हणाला, "जे चाललंय ते उघडून बघायचं नसतं म्हणे."

"तू गप बस, वस्तरा माझ्या हातात आहे," सीफस म्हणाला. पण पुढच्या सोमवारी पहिली बाही त्यानंच वर केली, कारण गिऱ्हाइकांसमोर मागे हटायची त्याला जास्त लाज वाटली.

तेराव्या दिवशी जोवेटाचा फोन आला. आकडा वाढलेला होता. पुढच्या तपासण्यांना तीच त्याला घेऊन गेली. कॅन्सर होता, पण ग्रंथीच्या आतच होता, बाहेर कुठे गेला नव्हता. ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, आता फक्त लक्ष ठेवायचं. लिअँडरला हे शब्द कोणी कधी ऐकवले नव्हते. सीफसबद्दल ऐकताना त्याला असूया वाटेल असं त्यानं धरलं होतं. ती वाटली नाही. चर्चच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून तो थोडा वेळ देवाशी बोलला आणि मग घरी गेला.

व्हर्नेल लाल भाताला फोडणी देत होती. तिनं त्याचा चेहरा पाहिला.

"त्या पोरीचं काम," ती पातेल्यात बघत म्हणाली, "मागे तू तीन आठवडे खोलीत कोंडून घेतलं होतंस, त्यातलं का?"

"मला बोलता येत नाही."

"मी कुठे बोल म्हणतेय." तिनं झाकण ठेवलं, त्याच्याजवळ आली आणि त्याच्या कोटाची कॉलर उगाचच नीट केली. त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही.

ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात सीफस पहिल्यांदा घराबाहेर पडला तो लिअँडरच्या ओट्यावर येऊन बसला. चालताना पाय फाकवून, खुर्चीत उशी घेऊन. उकडलेल्या शेंगांची पिशवी दोघांच्या मध्ये होती. तो आधी लघवीच्या नळीबद्दल कुरकुरला, मग डायपरबद्दल, मग बायको रोज सूपच देते म्हणून.

"होईल कमी," लिअँडर म्हणाला. "मला चार महिने लागले होते."

"तुला सांगतो लिअँडर, रागावू नकोस. तू दोन-दोनदा राजधानीला जाऊन आलास, सूट घालून. काय आणलंस? हॉटेलचा साबण. आणि ही एवढीशी पोरगी, ना ओळख ना पाळख, माझ्या दुकानात येते आणि माझा जीव वाचवते. काम असं असतं."

"खरंय," लिअँडर म्हणाला. त्याला हसू इतकं दाटून आलं, की त्यानं दोन शेंगा एकदम तोंडात टाकल्या. ते हसू होतं की दुसरंच काही, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. डोळे पुसायला मात्र त्याला रुमाल काढावा लागला.

"काय झालं?"

"मीठ जास्त पडलंय."

सीफसनं एक शेंग फोडली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तिला मी म्हटलं, मिस ग्रीन, तुम्हाला मी काय देऊ? आयुष्यभर केस फुकट कापून देतो म्हटलं, तर हसली. म्हणाली, माझे केस माझी आई कापते. मग म्हणाली, तुम्ही माणसं आणा. मी म्हटलं किती, तर म्हणाली, येतील तितकी."

"मग?"

"मग काय. सोमवारी नर्सकडे जो बाही वर करेल त्याचे केस मी फुकट कापणार. पाटी लिहून घेतलीय जावयाकडून."

"उभं राहवतं का तुला अजून?"

"स्टूल घेईन."

सोमवारी लिअँडर स्टूल घेऊन सकाळीच दुकानात गेला, कारण सीफसकडचं उंचीला पुरत नव्हतं. दहा वाजेपर्यंत बाकं भरली. खेकडेवाला आला, शाळेचा बसवाला आला, चर्चचा कारभार बघणारे दोन डीकन शाळकरी पोरांसारखे एकमेकांना ढकलत आले. नर्स एका कोपऱ्यात, सीफस दुसऱ्या कोपऱ्यात स्टुलावर. दुपारपर्यंत एकोणीस माणसं झाली, आणि सीफसचा हात दुखायला लागला तेव्हा तो कात्री खाली ठेवून बाकावर बसलेल्यांकडे बघत म्हणाला, "इतकी माणसं कधी दुकानात आली नव्हती. ती आज आली, तर सगळी फुकटातली."

"चहा आणू?" लिअँडरनं विचारलं.

"बर्फ घातलेला आण. साखर जास्त," सीफस म्हणाला, आणि पुढच्या माणसाच्या गळ्याला त्यानं कापड बांधलं.